नीट पोचा घरी : मिरजेतल्या एका मेडिकलमधली सात मिनिटं

हे प्रकरण एका फार्मासिस्टचं आहे, आणि त्यांनी रोज सात मिनिटं केलेल्या एका ध्यानाचं. वय सेहेचाळीस, राहायला सांगलीत विश्रामबागेकडे, नोकरी मिरजेत एका मेडिकलमध्ये. दुकान आणि माणूस ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील मी गाळले आहेत. लिहायला त्यांची ना नाही. आमच्या बिल्डिंगीत सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणते.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची, आता निवृत्त. भाऊंची मुलगी माझ्याकडे पुस्तकं न्यायला येते. एकदा ती डबा द्यायला दुकानात गेली आणि पप्पा एका म्हाताऱ्यावर खेकसताना तिने पाहिले. म्हातारा कर्नाटकातला, मराठी तोडकं, हातात चिठ्ठी उलटी धरलेली. "मॅडम, मला तिथून पळून जावंसं वाटलं," असं ती म्हणाली. आठवड्याने भाऊ स्वतःच आले. बी.पी. वाढलं होतं, डॉक्टरांनी "जरा शांत राहा" सांगितलं होतं. शांत कसं राहायचं ते काही चिठ्ठीवर लिहून मिळालं नव्हतं.

"घरी मी असा न्हाई मॅडम," ते म्हणाले. (बायकोचं मत पुढे येईल.) "काउंटरला उभं राहिलं की माणसं दिसतच न्हाईत. नुसत्या चिठ्ठ्या दिसतात."

मिरजेतला काउंटर म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव झालं. (भाऊंच्या दुकानाचा त्या रुग्णालयाशी संबंध नाही.) अथणी, रायबाग, चिकोडी, जमखंडीकडून पेशंट येतात, जतकडून येतात, पंढरपूरकडून येतात. पेशंट आत, नातेवाईक बाहेर, आणि नातेवाइकाच्या हातात दर दोन तासांनी नवी चिठ्ठी. सलाईनचा सेट, कॅन्युला, इंजेक्शनं, डिस्चार्जच्या गोळ्या. पैसे कमी पडतात म्हणून अर्धी स्ट्रिप मागायची. पेशंटला दुसरीकडे हलवला की उरलेलं परत करायला यायचं. फ्रीजमधली इंजेक्शनं परत घेता येत नाहीत, कारण बाहेर ती किती वेळ कशी ठेवली ते कुणाला माहीत? हे कन्नड बोलणाऱ्या, रात्रभर न झोपलेल्या माणसाला मराठीत समजवायचं आणि मागे पंधरा जण "अवो, लवकर करा की" म्हणून उभे. भाऊंचा आवाज चढायचा तो इथे. त्यात "तिकडची लोकं", "ह्यांना काय कळतंय" ही भाषा जिभेवर बसली होती. ती भाषा फक्त कन्नड बोलणाऱ्यांसाठी होती, हे महत्त्वाचं आहे. सांगलीचं गिऱ्हाईक तितकंच गोंधळलेलं असलं तरी त्याला निदान "काका, थांबा जरा" मिळायचं.

मी त्यांना मैत्री भावना सुचवली. नाव जुनं आहे. पाली परंपरेत मेत्ता, पतंजलीच्या योगसूत्रांत पहिल्या पादात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चौघींत पहिली. इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलेल्यांना शेवटच्या दिवशीची मंगल मैत्री आठवत असेल. डोळे मिटायचे, एखादं माणूस मनासमोर आणायचं आणि त्याच्यासाठी चांगलं इच्छायचं. भाऊ लगेच म्हणाले, "म्हणजे पसायदानच की." खरं आहे. पण पसायदान त्यांना तिसरीपासून पाठ होतं आणि पाठ असलेल्या गोष्टीची अडचण अशी की ओठ ती म्हणतात तेव्हा मन जकात नाक्यावर असतं.

मला रस होता तो थोडक्या वेळात. भाऊंकडे दिवसाला वीस मिनिटं नव्हती. सात होती. शटर अर्धं वर करून, आतल्या बाजूला औषधांच्या खोक्यांवर बसून.

एवढ्या थोड्या वेळाने काही होईल, हे मी हवेतून काढलं नाही. २००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सेंड्री हचरसन, एमा सेप्पाला आणि जेम्स ग्रॉस यांनी एक प्रयोग केला. भाग घेणाऱ्यांनी आपली दोन जिवाभावाची माणसं दोन्ही बाजूंना उभी आहेत आणि आपल्यावर माया करताहेत अशी कल्पना करायची; मग डोळे उघडून समोरच्या फोटोतल्या अनोळखी माणसाकडे तीच माया वळवायची. दुसऱ्या गटानेही दोन माणसं बाजूला उभी करायची, पण फक्त तोंडओळखीची, आणि लक्ष द्यायचं त्यांच्या दिसण्याकडे. कामाला वेळ तेवढाच, डोळे मिटणं तेवढंच, फरक फक्त शुभेच्छेचा. पहिल्या गटाला अनोळखी चेहरे जास्त जवळचे वाटले. सरळ विचारल्यावर तर वाटलेच, पण उत्तर ठरवायला सवड न देणाऱ्या चाचणीतही तसंच दिसलं. काही मिनिटांच्या कामाने इतकं होतं, हे मला त्या वेळीही आवडलं होतं आणि थोडं संशयास्पदही वाटलं होतं. प्रयोगशाळेतला फोटो भांडत नाही, आणि सुट्टे पैसेही मागत नाही.

पहिले दोन आठवडे : माझ्या चुका

सुरुवातीलाच वाक्यांवर अडलो. "मी सुखी होवो, मी निरोगी होवो" असं मी त्यांना लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी ते हसत आले. "मॅडम, हे लग्नपत्रिकेवरचं वाटतंय." स्वतःसाठी काही मागायला तर त्यांची जीभच उचलेना. आपल्याकडे माणूस देवाला पोरांसाठी मागतो, पावसासाठी मागतो. 'मला सुख दे' म्हणताना शरमतो. परंपरेत सुरुवात स्वतःपासून करायला सांगितलेली आहे, पण मी ती पायरी सोडली आणि स्टॅनफर्डच्या वाटेने माणसांपासून सुरू केलं.

जिवाभावाची दोन माणसं कोण? एक मुलगी. दुसरे म्हणून त्यांनी वडील धरले. वडील जाऊन चार वर्षं झालेली. तिसऱ्या दिवशी खोक्यांवर बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी, आणि तसंच शटर पूर्ण वर करून दिवस सुरू. पाचव्या शतकात बौद्ध पंडित बुद्धघोषाने विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथात मैत्री भावनेची पद्धत लिहून ठेवली आहे, त्यात मेलेल्या माणसावर ही भावना करू नये असं स्पष्ट सांगितलंय. मी हे वर्गात शिकवलेलं होतं. तरी विचारायचं राहिलं.

वडिलांच्या जागी कोण आलं, ते सांगण्यासारखं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, महापुराच्या वेळी, भाऊ सांगलीच्या गावभागात राहत होते. तिथे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आई पहिल्या मजल्यावर अडकली होती. कुणीतरी एक तरुण होडीतून आला, म्हातारीला पाठीवर घेऊन जिना उतरला आणि होडीत बसवलं. नाव विचारायचं राहून गेलं. भाऊंनी त्याला डाव्या बाजूला उभा केला. "चेहरा धड आठवत न्हाई, पाठ आठवती," ते म्हणाले. मला याहून चांगलं माणूस सुचवता आलं नसतं. अनोळखी माणसाने केलेली माया अनोळखी माणसाकडे वळवायची. प्रयोग करणाऱ्यांना असा योग जुळवून आणता येत नाही.

दुसरी चूक मोठी होती. दुकानात मालकाचा मेव्हणा गल्ल्यावर बसतो. हिशोबात कमी आलं की भाऊंच्या पगारातून कापतो, वर सगळ्यांसमोर बोलून दाखवतो. दुसऱ्या आठवड्यात भाऊ म्हणाले, "ह्याच्यावरच करतो की. खरा तिढा हाच हाय." मी हो म्हटलं. त्यांचा उत्साह मोडवेना. बुद्धघोष इथेही सांगून गेलाय की वैऱ्यापासून सुरुवात करू नका. आधी स्वतः, मग आदराचं माणूस, मग ना मित्र ना शत्रू असं माणूस आणि मग तो. भाऊ सात मिनिटं मेव्हण्याचा चेहरा समोर धरून बसले. त्या सात मिनिटांत गेल्या तीन वर्षांतली प्रत्येक कपात तारीखवार आठवली. त्या दिवशी त्यांनी एका बाईची चिठ्ठी काउंटरवर आपटली. संध्याकाळच्या नोंदीत मूड दहापैकी दोन. सुरू केल्यापासूनचा सगळ्यात खालचा आकडा तोच.

नोंदी म्हणजे एम.आर.ने (औषध कंपनीच्या प्रतिनिधीने) दिलेली खिशातली डायरी. रोज तीनच गोष्टी लिहायच्या : आज आवाज कितीदा चढला, मूड दहापैकी किती, आणि एखादं माणूस लक्षात राहिलं का.

तिसऱ्या आठवड्यापासून

मेव्हण्याला बाजूला ठेवलं. समोर घ्यायचं ते कालच्या दिवसातलं एक माणूस, शक्यतो कर्नाटकातून आलेलं, ज्याच्याशी भांडण नाही आणि ओळखही नाही. वाक्य भाऊंनी स्वतः शोधलं. गिऱ्हाइकाला निरोप देताना आपण म्हणतोच ते : "नीट पोचा घरी." बस्स. यात स्वर्ग नाही, मोक्ष नाही. पण दवाखान्याबाहेरच्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं? पेशंटसकट घरी पोचायचं.

चौथ्या आठवड्यात डायरीचा तिसरा रकाना भरायला लागला. आधी तिथे नुसत्या रेघा होत्या. आता 'जमखंडीची आजी, नातवाचा पाय', 'सलाईनवाला, चपला नव्हत्या' असं. आवाज चढल्याच्या खुणा कमी झाल्या, मूडचे आकडे तीन-चारवरून पाच-सहाकडे आले. आठवड्याच्या शेवटी त्यांनी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने दोन ओळी लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला टांगल्या. 'ऊटक्के मुंचे' आणि 'ऊटा आद मेले'. जेवणाआधी, जेवणानंतर. शेजारच्या फळवाल्याकडून विचारून घेतलेलं कन्नड. मी हे सुचवलेलं नव्हतं. वीस वर्षं त्या काउंटरवर काढलेल्या माणसाला हे दोन शब्द तेव्हाच का हवेसे वाटले, याचं उत्तर माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहे.

पण इथेच हात आखडता घ्यायला हवा. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मालकाने एक पोरगा कामाला ठेवला. औषधं काढून द्यायला दोन हात वाढले. गर्दी तीच, ताण निम्मा. आवाज कमी चढण्याचं श्रेय मैत्रीला द्यायचं की त्या पोराला? मला वाटतं, आवाजाचं बरंचसं पोराला द्यावं. पुठ्ठ्याचं श्रेय मात्र त्याला देता येत नाही. वेळ मिळाला म्हणून माणूस मोबाईल बघतो, कन्नड शिकत नाही.

आणखी एक शंका होती. मला काय ऐकायला आवडेल हे भाऊंना माहीत होतं. मुलगी माझ्याकडे येते, मी 'मॅडम'. माणूस आपल्या मास्तरणीला नाराज करत नाही. हा माझ्या मनाचा खेळ नाही. या संशोधनाचंच ते जुनं दुखणं आहे. २०१८ मध्ये उटे क्रेप्लिन, मिगेल फारियास आणि इंती ब्राझील यांनी ध्यान आणि इतरांशी वागणूक यांवरचे अभ्यास एकत्र करून तपासले. करुणा वाढल्याचं दिसलं, पण ध्यान शिकवणाराच शोधनिबंधाचा लेखक होता किंवा दुसऱ्या गटाला काहीच काम दिलेलं नव्हतं अशा अभ्यासांत. या प्रकरणात शिकवणारी मी, लिहिणारी मी, आणि दुसरा गट नाहीच. वाचकाने त्या हिशोबाने वाचावं.

म्हणून सहाव्या आठवड्यात मी एक साधी तपासणी करून पाहिली. पाचवा आठवडा मुलीच्या परीक्षेत बुडाला होता. सहाव्यात सात मिनिटं तशीच बसायची, डोळे मिटायचे, कालचं माणूस आणायचं, पण त्याच्यासाठी काही इच्छायचं नाही. फक्त दिसायला कसं होतं ते आठवायचं. टोपी, मिशी, पिशवी. स्टॅनफर्डच्या दुसऱ्या गटासारखं. शनिवारी भाऊ आले आणि अपराध्यासारखं म्हणाले, "मॅडम, तुमचा प्रयोग बिघडला. मिशी आठवतो, पिशवी आठवतो, अन् शेवटाला 'नीट पोचा' आपोआप येतंयच. थांबवता येईना." प्रयोग म्हणून तो आठवडा वाया गेला. मूड मात्र त्याही आठवड्यात पाच-सहावरच राहिला. नुसतं सात मिनिटं गप्प बसण्याचा त्यात किती वाटा, ते वेगळं काढायला माझ्याकडे काही उरलं नाही.

कुणाबद्दल बदललं, कुणाबद्दल नाही

सहा आठवड्यांनंतर मी तीन ठिकाणी चौकशी केली.

भाऊंच्या पत्नी म्हणाल्या, "दुकानात काय असंल ते असंल. घरी काय फरक न्हाई. भाजीत मीठ कमी पडलं की तसंच." मुलीनेही मान डोलावली. म्हणजे 'घरी मी असा नाही' हे वाक्य आधीही खरं नव्हतं.

भाऊंना विचारलं, इतर गिऱ्हाइकांचं काय? सांगलीचे, कोल्हापूरचे, मोबाईलवर औषधाचं नाव शोधून "हे तर साइड इफेक्टवालं आहे" म्हणणारे? त्यांनी तोंड वाकडं केलं. "त्यांच्यावर कधी केलंच न्हाई की."

हे ऐकून मला एक अभ्यास आठवला. २०१६ साली ससेक्स विद्यापीठातल्या अलेक्झांडर स्टेल आणि टॉम फार्साइड्स यांनी आधी कधी ध्यान न केलेल्या गोऱ्या लोकांना सात मिनिटांची मैत्री भावना करायला दिली, समोर एका कृष्णवर्णीय माणसाचा फोटो. मनातला पूर्वग्रह घटला, पण कृष्णवर्णीयांबद्दलचा. आशियाई लोकांबद्दलचा तसाच राहिला. मैत्री जिकडे तोंड करून केली तिकडे पोचली, शेजारच्या गल्लीत शिरली नाही. भाऊंच्या बाबतीत मला तेच दिसतं. 'सकल प्राणिमात्रांबद्दल प्रेम' वगैरे काही सात मिनिटांत उगवलं नाही. सिंचनाच्या पाटासारखं आहे. ज्या वाफ्याचं तोंड उघडलं त्यालाच पाणी. वाफे बदलून पाहायला हवे होते, तेवढा काळ आम्ही केलं नाही.

नुसत्या उपदेशाने हे झालं असतं का? येल विद्यापीठात युना कांग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सहा आठवड्यांचा अभ्यास छापला. एका गटाने मैत्री भावना केली, दुसऱ्याने तिच्यावर फक्त चर्चा केली. मनातला पूर्वग्रह कमी झाला तो करणाऱ्यांचा. चर्चावाल्यांचा हलला नाही. भाऊंना तर आयुष्यभर लोकांनी सांगितलं होतंच, "गरिबांशी नीट बोलावं." बारबरा फ्रेडरिक्सन यांच्या २००८ च्या अभ्यासाने मला वेळेबाबत सावध केलं होतं. १३९ नोकरदार, त्यांपैकी निम्म्यांना सात आठवड्यांचा सराव; रोजच्या चांगल्या भावना वाढल्या, पण हळूहळू, आठवड्यांमागून आठवडे. पहिल्या आठवड्यात भाऊ "काय होईना" म्हणत होते तेव्हा मी हे सांगून त्यांना टिकवलं. एका बैठकीने फोटोतल्या चेहऱ्याकडे पाहण्याची नजर बदलते. दिवसाचा मूड बदलायला अनेक सकाळी लागतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या सर्रास एक करतात.

तिसरी चौकशी समोरच्या चहाच्या टपरीवर. त्या माणसाला या सगळ्याची काही कल्पना नव्हती. मी चहा घेता घेता विचारलं, समोरच्या मेडिकलमध्ये काही बदल वाटतो का. तो म्हणाला, "आता शटर सात-आठ मिनिटं उशिरा उघडत्यात." अजून काही? त्याने विचार केला. "म्हातारी माणसं माझ्या बाकड्यावर पाठवून देत्यात. औषध काढूस्तोवर बसा म्हणत्यात. बाकडं माझं, गिऱ्हाईक त्यांचं." तक्रारच होती ती. या प्रकरणात मला मिळालेला सगळ्यात भरवशाचा पुरावा मी तोच धरते, कारण तो द्यायची त्याची इच्छा नव्हती.

तीन महिन्यांनंतर भाऊंचं खोक्यांवर बसणं सुटलंय. दिवाळीत सुटलं ते सुटलं. डायरी संपली, दुसरी मिळाली नाही. मूड कसा आहे विचारलं तर "चाललंय" म्हणतात, बी.पी.ची गोळी चालूच आहे. पुठ्ठा तिथेच आहे, आता त्यावर तिसरी ओळ आलीय, अथणीच्या शेवटच्या गाडीची वेळ. मेव्हणा गल्ल्यावर आहे. गेल्या महिन्यात पुन्हा कापले.

"त्याला म्हणून बघितलं का, नीट पोचा?" मी विचारलं.

"म्हटलं एकदा," भाऊ म्हणाले. "तो म्हणाला, का, माझं घर काय लांब हाय व्हय?"